सव्विसावं घर

घणसोलीत, मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
मी पट आखला: बेचाळीस घरं,
'मागणी'पासून 'लाइव्ह'पर्यंत.
शिड्या दोन, साप नऊ.
सर्वांत लांब सापाचं नाव
'क्लायंटला आता वेगळं हवंय'.

सोंगट्या म्हणजे जुन्या कीबोर्डची बटणं.
आप्पांनी नेमकं एस्केप उचललं.
"हे एकटंच कोपऱ्यात असतं ना?"

तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पाठ दिलेला माणूस
फासा मुठीत घोळवतो, हुक धरावा तसा.

सहा. कोड लिहिला.
दोन. टेस्टिंगात नापास, परत पहिल्या घरात.
"गोणी उसवली तर जागेवर शिवतात,
गाडीपर्यंत माघारी नेत नाहीत."
मी म्हटलं, नियम आहे.
"कुणाचा?"

मग पाच, सहा, पुन्हा सहा, आठवा डाव,
आणि ते बेंचवर आले.
करड्या पेनाने गिरवलेलं सव्विसावं घर.
"इथून सुटायला किती पडावे लागतात?"

वही चाळली.
साऱ्या घरांपुढे नियम होते,
याच्यापुढे नुसती रेघ, माझ्याच हातची.
मार्चपासून महापेला जाते,
कार्ड लावते, दार उघडतं,
काम नसतं.
हे घरी सांगितलं नव्हतं.

आप्पा पटाकडेच बघत होते.
"गाडी आली नाही की आख्खी टोळी थप्पीवर बसायची.
एकट्याला कुणी बसवत नसे."

पाळी माझी होती.
त्यांनी फासा दिलाच नाही,
माझं एफ-सात उचलून
एस्केपच्या शेजारी ठेवलं.
घर लहान पडलं.
"सरक जरा," म्हणाले,
कुणाला ते कळलं नाही.