मेणाची परीक्षा

ब्रुक्तीचं पोट बिघडलं ते कोवळ्या पानांनी.
मीच लावलेली, मीच खुडलेली,
मीठ-लिंबू चोळून मीच तिच्या हातात दिलेली.
खत मेंढ्यांचं होतं, वाफाळतं.
मला वाटायचं, ताजं ते चांगलंच.
अकरा दिवस पोर रक्त पडत होती.
बाराव्या दिवशी तिनं इंजेराचा तुकडा मागितला,
तोवर अख्खा वाफा उपटून मी दरीत भिरकावला होता.

येट्नायेत आली, शेतकी खात्यातली पोरगी,
बुटांवर आमच्या चढणीची तांबडी धूळ.
दोष देत बसली नाही.
म्हणाली, लेंडीखतात न दिसणारं एक गाव असतं,
काही शेजारी भले, काही घर बुडवणारे.
मग आभाळाकडे बोट केलं:
ही बघ फुकटची चूल.
पावसाला अजून तीन महिने आहेत.

प्लास्टिक दिरानं आणलं, तळ्याकाठून,
जिथं परदेशी जायला गुलाब पिकतात.
दोन जागी फाटलेलं, पण आरपार दिसणारं.
खत भिजवलं, मुठीत आवळलं
तर एकच थेंब निघावा, इतकंच.
पसरलं, झाकलं, कडा मातीनं दाबल्या,
झोपल्या लेकराखाली पांघरूण खोचतात तशा.

तापमापक एकच, आठ गावांत फिरणारा.
म्हणून अबेजेच्या पोळ्यातलं मेण,
तीन डब्यांत तीन गोळे:
एक वर, एक मधे, एक तळाशी.
'हे वितळलं की समज,
त्यांचंही काही खरं नाही.'

उपासाचे दिवस. दूध नाही, लोणी नाही,
तिसऱ्या प्रहरापर्यंत पाण्याचा घोट नाही.
सावलीत बसून मी त्या ढिगाकडे बघायची.
प्लास्टिकला आतून घाम फुटलेला,
आणि मी कोरडी.

चोविसाव्या दिवशी उघडलं.
वरचं मेण पाणी होऊन पुन्हा गोठलेलं.
मधलं कडेनं मऊ.
तळाच्या गोळ्यावर
माझ्या अंगठ्याचा ठसा, जसाच्या तसा.

अबेजे म्हणाला, पुरे आता,
एवढ्या तेवढ्यानं काय होतंय?
मी ठशाकडे बघत राहिले.
याच अंगठ्यानं लिंबू पिळलं होतं.

पुन्हा उपसलं. खालचं वर, वरचं खाली,
थर वीतभर पातळ केला,
दिवस पहिल्यापासून मोजले.
फसिका आली, घरोघरी कोंबड्या शिजल्या,
माझं खत अजून उपाशीच.

तिन्ही गोळे विरघळले तेव्हा
कुणाला सांगितलं नाही.
खताला वास उरला होता तो मातीचा,
जरासा लोकरीचा.

आता पानं आली आहेत.
पहिलं मी खाल्लं. धुऊनच, ते सोडलेलं नाही.
आठ रात्री स्वतःच्या पोटाची चाहूल घेत झोपले.
मग ब्रुक्तीला दिलं.
तिनं पान उलटंसुलटं केलं,
माझ्या तोंडाकडे पाहिलं,
आणि कडेकडेनं कुरतडायला लागली, शेळीसारखी.

मेण वाया घालवलं नाही.
तिन्ही गोळे एकत्र वितळवून वात ओढली,
रविवारी मरियमच्या देवळात लावली.
पुजारी नाक वर करून हुंगत राहिला,
कसला कुबट वास म्हणून.
मी नेतेला ओठांवर ओढून घेतला.
ज्याच्यासाठी लावली होती
त्याला तो ओळखीचा असणार.
तोही गोठ्यातच जन्मला होता.