खाडा

चुलीमागच्या खिळ्याला कॅलेंडर,
चौकोनाचौकोनात माझी पेन्सील: दीड, दीड, एक, खाडा.
महिनाअखेरीला सातगोंडा गवळी येतो
आणि अर्ध्या लिटरवरनं आम्ही उभ्या उभ्या भांडतो.

फेब्रुवारीची एक तारीख. सोमवार.
वरच्या खोलीतली थिंझार खाली आली, केस ओले,
म्हणाली, मावशी, मी आज घरातच थांबतो.
(मराठी ती गंगावेशीत शिकली,
म्हणून आमच्या बायकांसारखंच, थांबतो, जातो, येतो.
विद्यापीठातल्या पुण्याच्या मॅडम हसतात. हसू देत.)
ताप हाय काय, मी विचारलं.
म्हणाली, फोन लागत नाही. कुणाचाच.

आपण ब्रह्मदेश म्हणतो, ती म्यानमा.
रात्रीत लष्करानं सरकार उचललं, सकाळी टीव्हीवर
गणवेशातला माणूस कागद वाचत होता.
तिनं माझी पेन्सील मागितली.
त्या दिवसाच्या चौकोनात, माझ्या दीडच्या खाली, तिची अक्षरं,
हातातनं बांगड्या निसटून गडगडत गेल्यासारखी.

तिकडचे आठ म्हणजे आपले सात.
तिकडं आठाला सगळं शहर भांडी बडवायचं, भूत घालवायला.
एकदा माझं पितळी पातेलं घेऊन ती गच्चीवर गेली,
एकटीच वाजवत राहिली.
समोरनं कुंभाराची सुभद्रा ओरडली,
काय गं, गिराण लागलं काय? का नळाला पाणी आलं?

मार्चमधे तिच्या गावच्या बायकांनी रस्त्यावर
आडव्या दोऱ्या बांधल्या, उंच, आणि नेसायची लुंगडी त्यावर टाकली.
बाईच्या वस्त्राखालनं गेला की गड्याचं तेज जातं म्हणं.
बंदूकवाले थांबले, एकेक काढत बसले.
मला लई आवडलं.
दुसऱ्या दिवशी मी धुण्याची तार
आमच्या मालकांच्या वाटेवर ओढली.
त्यांचं काय गेलं नाही. चहा मागितला.

सत्तावीस तारखेचा चौकोन तिनं पुरा काळा केला.
पेन्सील मोडली.
मी दुधाचा आकडा बाहेर, समासात लिहिला.

एप्रिलात त्यांचा पाण्याचा सण.
तिनं सांगितलं, औंदा कुणी कुणावर पाणी टाकलं नाही.
एवढंच सांगितलं, आणि माझा ओला ओटा पुसून काढला.

आमच्याकडं मे महिन्यात सिलिंडरला रांगा होत्या.
जुलैत तीच रांग सरकत सरकत
तिच्या बापाच्या दारात गेली.
इकडं पंचगंगा तालमीच्या पायरीला लागलेली,
बोट आली, चला चला झालं,
मी पाटल्या घेतल्या, तिनं कॅलेंडर,
प्लॅस्टिकात गुंडाळून, डोक्यावर धरून.

शाळेच्या वर्गात, फळ्याखाली, तिचा फोन वाजला.
ती बोलली तिच्या भाषेत, थोडंच.
मग सतरंजीवर कॅलेंडर पसरलं.
चार दिवस दूध नव्हतं, माझे चार खाडे लिहायचे होते.
शुक्रवारच्या चौकोनावर तिनं बोट ठेवलं.
मावशी, म्हणाली, माझ्याकडं शब्द नाही,
इथं तुमचाच लिहा.
मी लिहिला. हात हलला, ख नीट आला नाही.
त्याच्याखाली तिचा बाप, एका ओळीत, गोल गोल.

गाळ काढला. घर वाळलं. दाराची चौकट बर्मा सागाची,
आजेसासऱ्यांनी आणलेली, ती तेवढी फुगली नाही.
डिसेंबरात एक दिवस तिच्या शहरात
कुणीच घराबाहेर पडलं नाही, ठरवून.
तो चौकोन तिनं कोरा ठेवला,
आणि मलाही आकडा घालू दिला नाही.

सातगोंडा वर्षाचा हिशेब बघायला आला.
पानं उलटली, म्हणाला, वहिनी, हे काय गिचमिड?
म्हटलं, तो दुसऱ्या गावचा हिशेब. तू तुझा बघ.
त्यानं चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं.
डिसेंबरचं त्या कोऱ्या दिवसाचं दूध
धरलं नाही त्यानं. मी बोललो नाही.

जुन्या कॅलेंडरची पानं दरसाल फळीवर
डब्यांखाली अंथरतो मी.
औंदा नवं आलं तेव्हा
शेजारी दुसरा खिळा मारला.