अंधार लावायची रीत

बस, एस्पेन. बूट दाराशी राहू देत, खोली लहान आहे.
डबा उघडू नकोस. आत बघण्यासारखं काही नाही:
आगकाडीएवढा एक स्फटिक, लिथियम नायोबेटचा,
आणि त्याच्या अंगावर सोन्याच्या दोन रेघा.

लेझरचा उजेड यात शिरतो आणि दुभंगतो.
दोन वाटा, सख्ख्या भावांसारख्या, शेजारून शेजारून.
सोन्यावर व्होल्टेज चढवलं की
एका वाटेवर उजेडाला चालणं किंचित जड जातं,
तो भाऊ अर्ध्या लाटेने मागे पडतो.
पुढे वाटा जुळतात तेव्हा
एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात.
भाऊबंदकी. पलीकडे काहीच पोचत नाही.

व्होल्टेज हललं की क्षणभर समेट,
आणि बाहेर पडतो उजेडाचा एक तुकडा,
डोळ्यांना न दिसणारा, काचेत दोन मीटर लांब.
मोजून घे हवं तर. दहा नॅनोसेकंद.

असे सेकंदाला दहा हजार.
इथून किनाऱ्याच्या रस्त्याखालून, चर्चमागून, धक्क्यापाशी वळून
वर स्क्रेडेनूटच्या भेगेपर्यंत, नऊ किलोमीटर तंतू.
पहिला तुकडा टोकाला जाऊन परतेस्तोवर दुसरा सोडायचा नाही,
नाहीतर कुणाचा निरोप कोण आणतोय
कळत नाही.

काच वाटते तितकी नितळ नसते.
तंतू ओढताना जे थिजलं ते थिजलं,
तसूतसूला बारीक खोट,
आणि प्रत्येक खोट थोडा उजेड माघारी धाडते.
आपण त्या खोटीवर जगतो.
वर कुणी पाय टेकला, तंतू
केसाच्या हजाराव्या हिश्शाने ताणला,
की परतणाऱ्या लाटेचं पाऊल चुकतं.
तेवढंच ऐकायचं.

आता नीट लक्ष दे. हा स्फटिक ढळतो.
काल ज्या व्होल्टेजला ठार अंधार होता
तिथे आज उजेड झिरपतो,
स्टोव्ह पेटवला म्हणून, किंवा उगाच.
पुस्तक म्हणतं, यंत्र आपलं आपण सावरतं.
सावरतं. बहुतेक वेळा.
तरी तू सकाळी ही खुंटी स्वतः पीळ,
माझे वडील फिडलची पिळायचे तशी, मान वाकडी करून.
अंधार नीट लागला नाही तर
डोंगर बोलतोय की आपणच गळतोय
सांगता येत नाही.

भेग वर्षाला चार मिलिमीटर. ते आकडे कचेरीत जातात.
बाकीचं रोज सकाळी पुसायचं:
ट्रक, मेंढ्या, चर्चची घंटा, वारा,

आणि हे. पहाटे तीन चाळीस,
पाच हजार एकशे बाराव्या मीटरपासून धक्क्याकडे.
एक पाय जड. डावा.
आर्नफिन. बोगदा झाला, त्याची फेरीबोट भंगारात गेली,
पहिल्या खेपेची वेळ मात्र गुडघ्यात राहिली.
दोन हिवाळे मी त्याला ऐकलं.
दुकानाच्या रांगेत तो म्हणायचा, "थंडी आहे."
मी म्हणायचे, "आहे."
आणि त्याच्या टाचेची झीज मला पाठ होती.
भिंतीला कान असतात म्हणतात.
इथे रस्त्याला होता, आणि तो माझा होता.

शेवटी एका पहाटे नाइटगाउनवर कोट चढवून
धक्क्यावर गेले, सांगितलं: तुझी पावलं मला येतात.
तो बराच वेळ फियोर्डकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "बरं झालं. डॉक्टर नीट सांगत नाही.
गुडघा बदलून घेऊ का?"

आज रात्री बसशील तेव्हा त्या पावलांशेजारी
दुसरी दिसतील तुला. हलकी, जरा घाईची,
परतताना सावकाश.
विचारू नकोस. गोंगाट म्हणून पूस.

चल, खुंटी धर. उजवीकडे. अजून.
थांब, पुढे गेलास.
मागे ये.