पत्रपेटीपर्यंत

इम्पी सारेलाचा फोन आला तेव्हा
माझी खिडकी अर्धी बर्फात बुडालेली.
"सुरू होतं," म्हणाली, "आणि मरतं."
मी म्हटलं, मग अर्धं काम झालंय.
जे सुरूच होत नाही ते कुठेही बिघडलेलं असू शकतं.
सुरू होऊन मरणारं
निदान दुखणं कुठे नाही एवढं तरी सांगतं.

दुकान विकून सहा वर्षं झाली.
पाने विकले नाहीत.

लेक सुपिरियरवरून वारा घुसत होता तिच्या शेडमध्ये,
ताडपत्रीखाली वॉल्फ्रिडचं स्नोब्लोअर.
दोन हिवाळे पुतण्या ट्रक घेऊन यायचा,
यंदा तो विस्कॉन्सिनला गेला.
चोक लावला, दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला पेटलं.
नऊ सेकंद. मग उचकी. मग काही नाही.
पुन्हा नऊच.
इम्पी मोठ्याने मोजत होती, आईच्या भाषेत,
युक्सी, काक्सी,
डॉक्टरसमोर नाडी मोजावी तशी.

जुनं पेट्रोल काढलं. त्याला वार्निशचा वास.
कार्ब्युरेटरची वाटी उतरवली, तळाला हिरवट साय.
जेटचं भोक केसाएवढं, आणि तेही बुजलेलं.
तारेच्या ब्रशातला एक केस उपटून आत फिरवला,
दिव्याकडे धरलं,
तेव्हा पलीकडून टाचणीच्या टोकाएवढा उजेड आला.

नवं पेट्रोल. पहिल्याच झटक्याला.
इम्पीने टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, ती तसली नाही.
हातमोजे चढवले आणि यंत्रामागून चालू लागली,
डावीकडे बर्फाची कमान उडवत,
पायरीपासून, पिकअपला वळसा घालून, पत्रपेटीपर्यंत.
पत्रपेटीपाशी मेलं.

कॉफी. दहा मिनिटं.
पुन्हा सुरू, पुन्हा पत्रपेटी, पुन्हा शांत.
मी स्पार्क प्लग बदलला. तो बिचारा स्वच्छ होता.
चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची
ही माझी पहिली खेप नव्हे.

मग तिनेच विचारलं,
"ट्रेव्हॅरो, जरा टेकलं की परत चालतं. असं का?"
चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाने विचारलेला
हा सगळ्यात चांगला प्रश्न.

मी टाकीचं झाकण सैल केलं.
फुस्स.
मोठं नाही, झोपेत कूस बदलताना माणूस सोडतो तेवढं.
पण हवा बाहेर आली नव्हती. आत गेली होती.

थेंबाने खाली उतरायचं तर
वरून तेवढीच हवा आत यावी लागते.
शिकाऊ पोरांना मी हे
स्ट्रॉच्या तोंडावर बोट ठेवून दाखवायचो.
झाकणात त्यासाठी एक भोक ठेवतात,
सहसा कुणाचं लक्ष जात नाही असं.

या झाकणात भोक नव्हतं.
लाल रंग होता. दोन हात, एकही ओघळ नाही.

"शेवटच्या ऑक्टोबरातलं," इम्पी म्हणाली.
"बर्फ काढायचं नाही असं डॉक्टरने बजावलं,
तर जे जे गंजेल ते ते रंगवायला घेतलं त्याने."
शेडची बिजागरी. फावड्याचा कान.
कुत्र्याचं पाण्याचं भांडं,
कुत्रा तर त्याच्याही आधी गेलेला.

मी म्हटलं, नवं झाकण नऊ डॉलरला मिळतं.
नाहीतर हे खरवडून देतो.
ती काही न बोलता घरात गेली.
आली तेव्हा हातात गोधडीची सुई.
चष्मा कपाळावरून नाकावर घेतला,
रंगाखालचा खळगा बोटाने चाचपला,
आणि टोचलं.
बाकीच्या रंगाला मला हात लावू दिला नाही.

सुई कोटाच्या कॉलरमध्ये खोवून ती निघाली.
पत्रपेटी मागे पडली.
बेर्तोग्लिओंचं फाटक आलं, तेही साफ,
त्यांनी सांगितलं नव्हतं तरी.
वळणावरून तिने ओरडून विचारलं, पैसे किती?
इंजिनाच्या आवाजात
मला ऐकू आलं नाही,
असं मी ठरवलं.