गाठ

क्लाक्सविकच्या धक्क्यावर
फाटकी जाळी सांधण्यात रान्वाचं आयुष्य गेलं.
बाळंतपणाच्या अकराव्या दिवशी
डावी पोटरी टम्म सुजली,
बोट दाबलं तर खळगा तसाच.

सासू म्हणाली, पाय जड होतातच गं.

इस्पितळात डॉक्टर दुरिताने पडद्यावर दाखवली
काळ्या नसेत अडकलेली राखाडी गाठ.
म्हणाली, नऊ महिने इस्ट्रोजेन
यकृताच्या कानाशी लागून होतं:
सूत कात, आणखी कात,
त्या रात्री ही वाहून जाता कामा नये.
नाही गेलीस.
पण आता पुरे, असं सांगायला
कातणाऱ्याकडे कुणी फिरकलंच नाही.

रान्वाला हसू आलं.
जाळं उचलून नेलं तरी
बोटं कितीतरी वेळ
हवेतच गाठी मारतात, हे तिला नवं नव्हतं.

आता रोज संध्याकाळी साडेसातला
पोटाची सैल कातडी चिमटीत धरून
ती हेपॅरिनची सुई टोचते.
बेंबीभोवती निळे-पिवळे डाग.
बाळ चुटूचुटू पितंय.
खालून हानुस ओरडतो,
ते तिसरं जाळं कधी होणार?

थांब जरा, ती म्हणते.
कुणाला, ते सांगत नाही.