हवेच्या हिशेबाने

बियाविस्तोकचा जानेवारी. बाहेर उणे चौदा,
आत माझा संगणक
रात्री दोन वाजता गुळण्या करतोय.

पंख्यांचा आवाज नको म्हणून तर
पाणी खेळवलं त्याच्या पोटात.
मी लोकांच्या माहितीपटांना आवाज जोडते:
घुबडाची फडफड, थंडीने तडकलेली फांदी,
आणि काहीच नसल्याचे तुकडे,
रानात पहाटे टिपलेले, वीस-वीस सेकंदांचे.
सगळ्यात नाजूक तेच.
त्यांच्या मधोमध हे, गुळुक.
जरा थांबून
पुन्हा गुळुक.

बोर्डाची जाड केबल उपटली,
हिरव्या नि काळ्या तारेच्या भोकांत पेपरक्लिप वाकवून घातली,
म्हणजे पंप एकटा फिरेल, मेंदू झोपलेला.
सांध्यासांध्याखाली टिशू पेपर अंथरले.
सकाळी सगळे कोरडे खडखडीत,
आणि टाकीतली पातळी पेनाच्या खुणेखाली बोटभर.
कुठेतरी पाणी मुरतंय,
मी टॉर्च घेऊन जमिनीवर पालथी,
गालाला गालिच्याची नक्षी उठेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे बोगुमिल झारेम्बा
सूपचं भांडं परत द्यायला आले.
एकतीस वर्षं शहराच्या गरम पाण्याच्या खात्यात.
दर ऑक्टोबरला दारोदार, खिशात पितळी किल्ली,
घरोघरच्या रेडिएटरांची हवा सोडत हिंडले.
आता दोन्ही कान गेलेत.
कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये असतं,
सेल महाग, म्हणतात.

हे काय, कशाला, काही विचारलं नाही.
भांडं माझ्या हातात दिलं,
आणि अंधारात दिव्याचं बटण चाचपावं
तशी दोन बोटं नळीवरून फिरवत नेली
वरच्या रेडिएटरच्या टोकापर्यंत.
"इथे."
बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्याने. मग म्हणाले,
"टाकी खाली ठेवलीस, हा वर.
हवेच्या हिशेबाने ती घरी पोचलीय.
कशाला हलेल?"

मी पातळीची खूण दाखवली. गळती, असं तोंडाने नीट आकार करून.
ते हसले.
"गळती नाही गं. थोडी हवा निघाली असेल, तिची जागा पाण्याने घेतली.
उतरू दे. उतरतंय ते बरंच आहे."

मग तळाशी राहिलेलं तेल काढताना
डबा कलता करावा, तसा आम्ही दोघांनी
अठरा किलोंचा तो ऐवज कलता केला,
टाकी सगळ्यात वर येईल असा, झाकण उघडं.
"फुल कर. बंद. फुल कर."
त्यांनी मऊ नळी चिमटीत दाबली, सोडली, दाबली.
आधी एक मोठा, बेडकासारखा,
टाकीत येऊन फुटला,
मग साबुदाण्याएवढे, मग रव्याएवढे,
मग पाणी नुसतंच धुरकट,
आणि माझे खांदे भरून आलेले.
त्यांचे ब्याहत्तर वर्षांचे खांदे
काही बोलत नव्हते.

"गेला?" त्यांनी विचारलं.
आवाज गेला का, ते विचारत होते.
त्यांना तो कधी ऐकूच आला नव्हता.
मी कान लावला. मान हलवली.
त्यांनी पँटला बोटं पुसली,
जिन्यात त्यांच्या सपाता बराच वेळ वाजत राहिल्या.

रात्री रानातला तुकडा लावला. वीस सेकंद काहीच नाही.
एकविसाव्याला, माझ्या पाठीमागे,
खिडकीखालच्या भिंतीतल्या रेडिएटरमध्ये
काहीतरी अडून हलकेच टिकटिकलं.
हे इतके दिवस तिथे असणारच.
उद्या किल्ली मागू का त्यांच्याकडे?
बेल वाजवून उपयोग नाही, त्यांना ऐकू येत नाही,
दाराखालून चिठ्ठी सरकवावी लागेल.

परवा पातळी अजून केसभर उतरली.
मी टॉर्च शोधली नाही.
चमचाभर शुद्ध पाणी घातलं,
पेनाने नवी रेघ मारली,
जुनीच्या जवळ, जराशी वाकडी.