ए आणि बी

कोपरखैरण्यात, मासळी बाजाराच्या पाठीमागे,
मोरेश्वर भोपी मोबाइलच्या काचा बदलतो.
दिवसाला नऊ, सणावाराला पंधरा.
त्याच्यापुढे मी ठेवला माझा जुना खेळ,
राखाडी, साबणाच्या वडीएवढा,
एका कोपऱ्यावर दातांचे व्रण. माझेच, सातवीतले.

"ए चालत नाही," म्हटलं.
"आणि बी?"
"बी चालतं."
"मग पेरून टाका," म्हणाला, आणि स्वतःच हसला.

ए म्हणजे उडी.
बी म्हणजे नको, मागे फिर.
शिवाय चार दिशा. एवढ्यात माझं भागायचं.
पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता;
सिडकोच्या जिन्यात, पिवळ्या बल्बखाली
तो तिरका धरून बसायचो
आणि वरून आईची हाक, तीही तीच:
ए! झोपायचं नाही का?

आता फोनवर हजार खेळ आहेत
आणि जिथे बघायचं असतं
नेमका तिथेच माझा अंगठा असतो.
काच दबत नाही.
दबल्यासारखी थरथरते फक्त,
शेजारच्या दुःखात मान हलवावी तशी.
तीन दिवस उघडला नाही तर खेळ निरोप धाडतो:
तुमची कोंबडी उपाशी आहे.
हा बापडा अठरा वर्षं खणात पडून होता,
चकार शब्द नाही.

हे सगळं मी मोरेश्वरला ऐकवत होतो.
त्याने स्क्रू काढले. ए-खालचं रबर
झिजून गुळगुळीत. बी-खालचं जवळपास कोरं.
"तुम्ही मागे फिरलाच नाहीत की," तो म्हणाला,
आणि न विचारता दोन्हींची अदलाबदल केली.

घरी आईच्या हातात दिला.
लकव्यानंतर तिच्या उजव्या हाताला
स्पर्श आहे, जोर नाही.
तिने ए-वर बोट ठेवलं. ठेवलं, तसंच राहिलं.
"याला दाबावं लागतं होय," म्हणाली
आणि वळली आपल्या फोनकडे,
जिथे नुसतं टेकवलं तरी
पेरू फुटतात, डाळिंबं फुटतात,
रात्री तीनलाही, तिच्या स्वतःच्या उजेडात.

मी जिन्यात जाऊन बसलो.
बल्ब गेलाय, आता सेन्सरचा दिवा आहे;
हललं नाही तर मिनिटाभरात विझतो.
अंगठे हललेले त्याला दिसत नाहीत.
मधूनमधून हात वर करावा लागतो:
आहे, अजून आहे.
तेवढ्यात उडी चुकते.